मुलांना कचरा उचलायला लावायचं तर रील्सचं चॅलेंज द्यावं का?

किनारपट्टी
मंडळी, सल्ला हवा आहे. आमची सोसायटी माहीमची, चौपाटी हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात उधाणाच्या भरतीनंतर वाळूवर काय काय येऊन पडतं ते मुंबईकरांना सांगायला नको. सोसायटीत तेरा ते सतरा वयाची बरीच पोरं आहेत. संध्याकाळी खाली जमतात, पण सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये. गेल्या मीटिंगमध्ये एकाने कल्पना मांडली: गणपतीच्या आधी आजूबाजूच्या चार-पाच सोसायट्यांच्या मुलांसाठी एक चॅलेंज काढू. गटाने एक जागा निवडायची, आधीचा फोटो, साफसफाई, नंतरचा फोटो, त्याची रील. ज्या गटाला सगळ्यात जास्त लाईक्स त्याला ब्लूटूथ इअरफोन.

मार्च २०१९ मध्ये हे जगभर झालं होतं, ट्रॅशटॅग नावाने. अल्जीरियातल्या एका तरुणाचे आधी-नंतरचे फोटो अमेरिकेतल्या एका गृहस्थाने फेसबुकवर टाकले आणि कंटाळलेल्या टीनएजर्सना 'हे घ्या नवीन चॅलेंज' म्हणून सांगितलं. बघता बघता देशोदेशीची मुलं भरलेल्या पिशव्यांशेजारी उभी राहून फोटो टाकायला लागली. गंमत म्हणजे हॅशटॅग २०१५ चा, कॅम्पिंगचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीने काढलेला. तोवर त्याला फारसं कुणी विचारलं नव्हतं.

तर प्रश्न असे: आपल्याकडे हे चालेल का? बक्षीस ठेवावं का? की एकदा होऊन विरून जाईल? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी लिहा. 'आधी मोठ्यांना शिकवा' हे मला माहीत आहे, ते सोडून.

हापूसचोर
आधी मोठ्यांना शिकवा.

शेवटची_लोकल
हसून हसून पुरेवाट.

चॅलेंज आणि साफसफाई यांचा मुंबईतला जुना संबंध कुणाला आठवतो का? २०१८ मध्ये ते किकी चॅलेंजचं खूळ आलं होतं, चालत्या गाडीतून उतरून नाचायचं. तिघा तरुणांनी तो प्रकार आपल्या लोकलबरोबर केला, व्हिडिओ फिरला, पकडले गेले. वसईच्या रेल्वे कोर्टाने शिक्षा काय दिली? तीन दिवस वसई स्टेशन साफ करा आणि प्रवाशांना असलं काही करू नका म्हणून सांगा. म्हणजे आपल्याकडे चॅलेंजची शिक्षा म्हणून झाडू हातात देतात आणि किनारपट्टी चॅलेंज म्हणून देणार आहेत.

फडताळ
शेवटची_लोकल, हसू आलं खरं, पण मुद्दा तिथेच आहे. शाळेत कागदाचा बोळा टाकला की शिक्षा काय? वर्ग झाडा. घरात पसारा केला की? आवरायला लावते तुला. लहानपणापासून साफसफाई ही शिक्षाच असते. मग पंधराव्या वर्षी त्याला अचानक 'कूल' म्हटलं तर पोरं का ऐकतील?

बाराखडी_बाई
शिक्षिका आहे, नववी-दहावी शिकवते. दोन गोष्टी लिहिते.

एक, मुलं येतात. 'आजकालची पिढी' वगैरे काही नाही. चौपाटीवर नेलं की पहिली दहा मिनिटं नाकं मुरडतात, मग त्यांच्यात चढाओढ लागते. मागच्या खेपेला एका मुलाला वाळूत कापडाचं टोक दिसलं. ओढायला गेला तर निघेना. मग दुसरा आला, तिसरी आली, शेवटी पाच-सहा जणांनी रस्सीखेचीसारखं ओढून अख्खी साडी बाहेर काढली. पाणी आणि वाळू भरून ती इतकी जड झाली होती की गोणीत घालून उचलायला चौघं लागली. त्या पोरांनी त्या दिवशी जो जल्लोष केला तो वार्षिक क्रीडादिनाला ऐकला नव्हता. त्याची रील कुणी काढली नाही, कारण सगळ्यांचे हात साडीला होते!

दुसरी गोष्ट पालकांची. उपक्रम जाहीर केला की पहिला फोन येतो: मॅडम, सर्टिफिकेट मिळणार ना? दुसरा फोन: इंटरनल मार्कांत धरणार का? एका पालकांनी मुलीला गाडीने आणलं, हातात पिशवी देऊन फोटो काढला आणि अर्ध्या तासात क्लास आहे म्हणून घेऊन गेले. तुम्ही इअरफोन ठेवलेत तर ही मंडळी आधी येतील.

मीठभाकर
बाईंशी सहमत. कॉलेजात एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजना) होतो. वर्षाला १२० तास भरायचे, शिवाय सात दिवसांचं शिबिर. बरेच जण तासांसाठी आणि दहा मार्कांसाठी आलेले, मीही. पण शिबिरात खड्डे खणता खणता जी टोळी जमली ती अजून टिकून आहे. सुरुवात स्वार्थाने झाली तरी बिघडत नाही, असं माझं मत. त्यामुळे इअरफोन ठेवा बिनधास्त.

एक_झाडू
जरा कडू लिहिते, राग मानू नका.

माझे वडील महापालिकेत सफाई कामगार होते. सकाळी साडेसहाला हजेरी चौकीवर, मुकादमापुढे. तीस वर्षं त्यांनी जे केलं त्याचा कुणी आधी-नंतरचा फोटो काढला नाही. आम्ही शाळेत वडील काय करतात हे विचारलं की 'बीएमसीत' एवढंच सांगायचो. आता सोसायटीतली मुलं ग्लोव्ह्ज घालून तासभर कचरा उचलणार, रील करणार, खाली टाळ्यांचे इमोजी. आणि पिशव्या? त्या तिथेच ठेवून घरी जाणार. सोमवारी त्या पिशव्या कोण उचलतं? चौकीवरचा माणूसच. बऱ्याचदा पिशवी फाटलेली असते, कावळ्या-कुत्र्यांनी ओढलेली, आणि एका जागी ढीग केल्यामुळे त्याचं काम वाढलेलं.

चॅलेंज करा, पण पहिल्या दिवशी त्या बीटच्या, म्हणजे तुमच्या भागाच्या, कामगाराला बोलवा आणि त्याच्याकडून शिका. झाडू कसा धरतात, काच कशी उचलतात. आणि त्याला 'ए' नाही, 'काका' म्हणा. एवढं झालं तरी मला पुष्कळ.

किनारपट्टी
एक_झाडू, राग कसला. पिशव्या नेणार कोण याचा विचार मीटिंगमध्ये कुणाच्या डोक्यात आला नव्हता. चौकीवर जाऊन भेटतो.

हापूसचोर
ताई, सलाम. माझी पहिली कमेंट मस्करीची होती, ही नाही.

वेसावकर
कोळीवाड्यातला आहे, घरात होडी आहे. समुद्राचं आम्हाला विचारा.

वर्सोव्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. अफरोज शाह, पेशाने वकील. ऑक्टोबर २०१५ मध्ये ते आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी असे दोघंच किनाऱ्यावर उतरले. मग कोळीवाड्यातले आले, झोपडपट्टीतले आले, शाळेतली मुलं आली, नट-नट्या आल्या. २०१६ ला संयुक्त राष्ट्रांचा चॅम्पियन्स ऑफ द अर्थ पुरस्कार मिळाला. मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वर्सोव्याच्या वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली, कित्येक वर्षांनी. ते खरं आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे.

पण तिथे चॅलेंज नव्हतं, दर शनिवार-रविवार होता. पाऊस असो, लग्न असो. आणि तरीसुद्धा २०१७ च्या अखेरीस गुंडांचा त्रास आणि न उचललेल्या कचऱ्याचे ढीग याला कंटाळून काम काही दिवस थांबवायची वेळ आली होती. म्हणजे जगभर नाव झाल्यावरसुद्धा पिशव्या कोण नेणार हाच प्रश्न. एक_झाडू ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलंय.

आणि एक. किनाऱ्यावर दिसतो तो कचरा समुद्राने परत केलेला. आमच्या डोलीत, म्हणजे डोल जाळ्यात, जो येतो तो कुणाला दिसत नाही. जाळं वर घेतलं की म्हावरं कमी आणि प्लास्टिक जास्त, असे दिवस पावसाळ्यानंतर पुष्कळ. ते निवडायला बायामाणसांचा अर्धा दिवस जातो. हे सगळं नाल्यांतून येतं. चौपाटी साफ केलीत, बरं केलंत. नाल्याच्या तोंडाशी उभे राहा, मग कळेल.

पूर्वद्रुतगती
नाल्याचं निघालंच आहे तर. २६ जुलै २००५ ला मी सायनला अडकलो होतो, गळ्यापर्यंत पाणी. सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस एका दिवसात. त्यानंतर महाराष्ट्राने पातळ प्लास्टिक पिशव्या बंद केल्या, कारण गटारं तुंबली ती पिशव्यांनी. मग २०१८ ला पुन्हा बंदी, पहिल्या वेळी पाच हजार दंड. मग १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी: स्ट्रॉ, कानकाड्या, थर्माकोलची सजावट. आता माझ्या घरासमोरच्या भाजीवाल्याकडे जाऊन बघा कशात देतो. पोरांनी कचरा उचलून काय होणार? ज्या कारखान्यात बनतंय तिथे टाळं लावा.

फडताळ
भाजीवाल्याकडे तुम्ही कापडी पिशवी घेऊन जाता का?

पूर्वद्रुतगती
जातो. विसरलो तर घेतो त्याच्याकडून. माणूस आहे.

शेवटची_लोकल
हा प्रतिसाद फ्रेम करून चौकीवर लावा.

भंगार_नव्हे_रद्दी
माझा धंदा सुक्या कचऱ्याचा, म्हणून जरा कामाचं सांगतो. पोरं गोळा करतात त्यातलं विकलं काय जातं? पाण्याच्या बाटल्या जातात, दुधाच्या पिशव्या धुऊन दिल्या तर जातात, पुठ्ठा कोरडा असेल तर जातो. शीतपेयांचे कॅन तर कचरा वेचणाऱ्या बाया कुणाला ठेवतच नाहीत. चौपाटीवर उरतं ते म्हणजे वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, शांपूचे सॅशे. आत चकाकी, बाहेर प्लास्टिक, असे थर चिकटवलेले. ते सोडवून वेगळे करणं परवडत नाही. म्हणून उचलायला कुणी येत नाही. थर्माकोलचंही तेच, ट्रक भरतो पण वजन काहीच नाही.

म्हणून मुलांना एक सांगा: सगळं एका काळ्या पिशवीत कोंबू नका. बाटल्या वेगळ्या ठेवल्यात तर वाटेतला कुणी ना कुणी घेऊन जाईल. एकत्र केलंत की सगळं डंपिंगला. देवनार १९२७ पासून भरतंय, अजून किती भरायचं?

दुसरं, काळ्या पिशव्या घेऊच नका. ओली वाळू लागली की बूड फाटतं. आमच्याकडे सिमेंटच्या, तांदळाच्या रिकाम्या गोण्या मिळतात. झटकून परत वापरता येतात.

बाराखडी_बाई
गोण्यांचं अगदी खरं. आणि थर्माकोलचे ते पांढरे मणी हाताने वेचले जात नाहीत हे लिहायचं राहिलं. ओल्या वाळूला चिकटतात, बोटाने उचलायला गेलं की फुटून दोन होतात. एका मुलीने घरून पिठाची चाळण आणली होती. कोरडी वाळू चाळली की मणी वर राहतात. त्या दिवसापासून ती चाळणवाली म्हणूनच ओळखली जाते.

मीठभाकर
रद्दीभाऊ म्हणतात त्या पाकिटांवरून सुचलं. पाकिटं उचलताना त्यावरच्या कंपन्यांची नावं लिहून मोजायची. ब्रँड ऑडिट म्हणतात त्याला, जगात बऱ्याच ठिकाणी करतात. २०१६ च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत पॅकिंगचं प्लास्टिक गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहेच. मग पोरांनी रीलमध्ये 'आम्ही किती पिशव्या भरल्या' यापेक्षा 'आमच्या चौपाटीवर कुणाची पाकिटं किती' हे दाखवावं. त्या कंपनीला टॅग करावं. पूर्वद्रुतगती, तुमच्या कारखान्याला टाळं लागायचं तेव्हा लागेल, तोवर निदान त्याच्या दारावर पोरं उभी राहतील.

पूर्वद्रुतगती
हे मात्र आवडलं.

नाटकवेडी
मी उलट्या बाजूने बोलते. हे सगळं दाखवण्याचं प्रकरणच मला पटत नाही. गाडगेबाबांनी कुठे फोटो काढले? गावात शिरायचं, खराटा घ्यायचा, गाव झाडायचं. चांगलं काम गुपचूप करावं.

तुंबलेली_मिठी
नाटकवेडी, गाडगेबाबांचं उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं हो. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन. हजारोंनी लोक जमायचे. प्रश्न विचारायचे, लोकांकडून उत्तरं वदवून घ्यायचे, हसवायचे, खजील करायचे. झाडणं गुपचूप असेल, पण कीर्तन म्हणजे जाहिरातच होती, उत्तम जाहिरात. आणि त्याच लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या. दादरची धर्मशाळा आजही कॅन्सरच्या रुग्णांच्या नातेवाइकांना आसरा देते. दाखवलं म्हणून काम खोटं होत नाही. मात्र क्रम बघा, आधी खराटा, मग कीर्तन. आपली पोरं आधी कीर्तन करतात.

नाटकवेडी
हं. क्रमाचा मुद्दा मान्य. कीर्तनाला लाईक्स मोजत नव्हते हेही मान्य करा.

तुंबलेली_मिठी
केलं.

काळजीवाहू_बाबा
कुणी सुरक्षिततेचं बोललंच नाही. माझी मुलगी चौदाची. रील सार्वजनिक ठेवायची म्हणजे चेहरा दिसणार, सोसायटीचं नाव दिसणार, दर रविवारी सकाळी कुठे असते ते दिसणार. इन्स्टाग्रामवर खातंच तेरा वर्षांनंतर काढता येतं, तुमच्या गटात बारा-तेराची मुलं घुसणार हे नक्की. 'सर्वांत जास्त लाईक्स' म्हटलंत की खातं उघडं ठेवावंच लागतं. लाईक्सवर बक्षीस असेल तर माझी मुलगी येणार नाही. हात-पाय दाखवा, पिशव्या दाखवा, चेहरे कशाला?

आणि सुया. चौपाटीवर इंजेक्शनच्या सुया सापडतात. पातळ ग्लोव्ह्ज नकोत, जाड रबरी हवेत. बूट बंद हवेत, चपला-फ्लोटर्स नकोत. काच किंवा सुई दिसली तर मुलाने हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला बोलवायचं. हे कागदावर लिहून पालकांची सही घ्या.

शेवटची_लोकल
शिवाय सदतीस फॉलोअर्सवालं पोर दिवसभर राबणार आणि आठ हजारवालं पाच मिनिटं नाचून इअरफोन नेणार. विकत घेतलेले लाईक्स वेगळेच.

खारफुटी
किनाऱ्याबद्दलच बोलताय म्हणून एक भर. चॅलेंज म्हटलं की पोरं अवघड जागा शोधतात. आमच्याकडे एक गट थेट कांदळवनात शिरला, गुडघाभर चिखलात. फोटो जबरदस्त आले. पण चिखलातून वर आलेली टोकं असतात ना, ती तिवरांची श्वसनमुळं. ती पायाखाली मोडली की झाड गुदमरतं. कचरा काढताना झाडं मारली. तिथे जायचं तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाला विचारून, माहीतगार माणसाबरोबर, ठरलेल्या वाटेने. मुलांसाठी उघडी वाळू बरी.

कुंदकळी
नमस्कार, ही मी नाही, माझी मुलगी लिहितेय. अकरावीत आहे. धागा मागून वाचत होती आणि 'तुम्ही सगळे आमच्याबद्दलच बोलताय, आम्हाला कुणी विचारलं का' म्हणाली. म्हणून दिला लॅपटॉप. शुद्धलेखन तिचं तिचं.

हाय. मी थोडं सांगते.

तुम्हाला वाटतं आम्ही लाईक्ससाठी काहीही करू. खरं सांगू का, सोसायटीच्या काकांनी काढलेलं चॅलेंज आम्ही आमच्या मेन अकाउंटवर टाकणारच नाही. क्रिंज वाटतं. ज्या क्षणी मोठे लोक एखाद्या गोष्टीचा हॅशटॅग करतात त्या क्षणी ती संपते. सॉरी. टाकलंच तर क्लोज फ्रेंड्सला, म्हणजे निवडक लोकांनाच दिसेल असं टाकू, तिथे लाईक्स मोजता येणार नाहीत.

आम्ही का येतो तर मैत्रीण येते म्हणून. मागच्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दादरला गेलो होतो. मला कुणी चॅलेंज दिलं नव्हतं, माझ्या बेस्ट फ्रेंडने सकाळी फोन करून 'खाली ये' म्हटलं. तिथे पीओपीचे हात होते वाळूत. म्हणजे नुसते हात, अभय मुद्रेतले. एक सोंड. माझ्या भावाने बाप्पाचा अर्धा चेहरा उचलला आणि कुठे ठेवू विचारायला लागला, गोणीत टाकायला त्याला जमेना. शेवटी त्याने तो वेगळा ठेवला, वर्तमानपत्रावर. नंतर पालिकेचे लोक आले, त्यांनी सगळे अवशेष एकत्र नेले. आम्ही फोटो काढला नाही, कारण तो टाकला असता तर खाली भांडणं झाली असती. पण त्या वर्षी भावाने घरात हट्ट केला आणि आता आमच्याकडे शाडूची मूर्ती येते, तीही एक फुटाची. आजी रुसली होती दोन दिवस.

मग काय करायचं ते सांगते. लाईक्सचं बक्षीस नको. आम्हाला एक जागा द्या, आमची. गटाने निवडलेली. तिचं नाव आम्ही ठेवू. दर वेळी एकाच कोनातून एक फोटो, बस. चांगली दिसली तरी, घाण दिसली तरी. दुसऱ्या गटाची जागा आमच्यापेक्षा स्वच्छ दिसली की आम्ही आपोआप जाऊ, कुणी सांगायला नको. स्नॅपचॅटवर स्ट्रीक, म्हणजे रोज फोटो पाठवायची साखळी, तुटू नये म्हणून लोक परीक्षेत पण काळा फोटो पाठवतात, मग इथे का नाही? आणि प्लीज भाषण नको. नगरसेवक नको. टी-शर्ट चालेल.

हापूसचोर
टी-शर्ट चालेल, हे या धाग्यावरचं सर्वात प्रामाणिक वाक्य आहे.

एक_झाडू
बाळा, तुझ्या भावाला माझा नमस्कार सांग. बाप्पाचा चेहरा वेगळा ठेवायला कुणी शिकवावं लागत नाही, बरं वाटलं वाचून.

वेसावकर
पोरगी शहाणी आहे. घाण दिसली तरी फोटो टाकायचा, हे पाहिजे. आधी-नंतरच्या फोटोत समुद्राची पुढची भरती कधी दिसत नाही. दुपारी साफ केलं, संध्याकाळी पाण्याने परत भरलं, असं चार वेळा झालं की बाहेरचे लोक येणं सोडतात. ज्यांना हे आधीच माहीत असतं ते टिकतात.

नाटकवेडी
जागेची कल्पना मलाही पटली. निदान त्यात कुणाला हरवून दाखवायचं नाही.

शेवटची_लोकल
हरवून दाखवायचंच आहे की, 'दुसऱ्या गटाची जागा आमच्यापेक्षा स्वच्छ' वाचलं नाहीत का. आपल्याकडे दहीहंडी थरांवर चालते, ही चुरस असू द्या.

काळजीवाहू_बाबा
एकाच कोनातून जागेचा फोटो म्हणजे चेहरा येत नाही. माझी हरकत मागे. सुयांची कायम.

किनारपट्टी
मंडळी, बरंच काही मिळालं. काल चौकीवर जाऊन आलो. मुकादम आधी वैतागले, 'अजून एक एनजीओ' म्हणाले. सोसायटीची मुलं आहेत, पिशव्या कुठे ठेवू ते तुम्हीच सांगा म्हटल्यावर चहा मागवला. त्यांचं म्हणणं: रविवारी गाडी लवकर येते, तिच्या आधी गोण्या रस्त्याच्या कडेला ठरलेल्या जागी आणून ठेवा, वाळूवर सोडू नका. सुका वेगळा, ओला वेगळा. तोंड बांधा. आणि पहिल्या दिवशी ते स्वतः एका जुन्या कामगाराला पाठवतील.

मीटिंगमध्ये इअरफोन रद्द झाला. दोघं अजून नाराज आहेत, त्यांच्या मते बक्षीस नसेल तर पोरं येणार नाहीत. चार गट, चार जागा, त्यातली एक नाल्याच्या तोंडापाशी, वेसावकरांच्या सांगण्यावरून. ती घ्यायला कुणी तयार होईना म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. पाकिटांवरच्या कंपन्या मोजायचं काम दोन मुलांनी आपणहून घेतलं, एक्सेल वगैरे केलंय. फोटोचं पान सोसायटीच्या नावाने नाही, मुलांनीच नाव ठेवलंय आणि आम्हाला त्यात घेतलेलं नाही.

टी-शर्टचा खर्च मेंटेनन्समधून करायचा की वर्गणीतून यावर पाऊण तास गेला. अजून ठरलं नाही.

आता शेवटचा प्रश्न वेसावकरांना. रविवारी किती वाजता उतरायचं? ओहोटी कधी असते ते मोबाईलवर बघितलं तर दर वेळी वेगळं.

वेसावकर
मोबाईल कशाला, तिथी बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे साधारण भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्या पंधरा, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे साडेअकरा-बाराच्या सुमाराला पूर्ण भरती आणि तिच्या सहा तास आधी, सकाळी सहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप मागे जातं, लांबपर्यंत वाळू उघडी मिळते. त्यामुळे पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपासचा रविवार धरा आणि सकाळी सहाला वाळूवर हजर व्हा. आठनंतर पाणी भराभर वर येतं, लहानांना पुढे जाऊ देऊ नका.

शेवटची_लोकल
रविवारी सहाला उठणारं पंधरा वर्षांचं पोर! मिळालं खरं चॅलेंज.

कुंदकळी
(मुलगी) सहा??? काका, अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा होतात ना? म्हणजे सकाळी सहाला भरती आणि बाराला ओहोटी. अष्टमीचा रविवार धरा, आम्ही सगळे येतो.

वेसावकर
हिशेब बरोबर आहे तुझा. पण अष्टमीला भांगाची भरती असते, उधाणाच्या उलट, पाणी फारसं मागे जात नाही. वाळूची नुसती पट्टी मिळेल. आणि मुकादमांची गाडी तोवर निघून गेलेली असेल.

कुंदकळी
(मुलगी) पट्टी चालेल. गाडीवाल्या काकांना मी विचारते.